धोंडोबाच्या हातातला रिमोट

॥ श्री ॥

धाड
१९ जानेवारी २०२५

चि. हर्षल यास,

मामीचा आशीर्वाद. तो दिल्याशिवाय पत्र सुरू करू नये अशी रीत आहे म्हणून दिला. पुढचं सगळं रागानं लिहिलेलं आहे, ते रागाचंच समजून वाचावं.

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. मी तोंड उघडलं की मामी ऐक ना, मामी ऐक ना करत तू मधे पडतोस. पत्रात मधे पडता येत नाही. एके काळी मी रेडिओवाल्यांना कार्डं पाठवून त्यांचा निवेदक किती रडक्या आवाजात बोलतो ते कळवत असे, आणि त्यांनी माझं कार्ड वाचूनही दाखवलं होतं. आज तुझी पाळी.

टीव्हीवर माझा राग तसा जुनाच आहे. मालिकेतली सून जरीची साडी नेसून भाकरी थापते आणि तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नाही. गाण्याच्या स्पर्धेत पोरगं गातं एवढंसं, पण त्याआधी त्याच्या घराचं गळकं छप्पर, त्याच्या आईचे डोळे आणि दारातली शेळीसुद्धा दाखवून होते. अरे, सूर लागला की नाही तेवढं सांगा ना! विनोदाच्या कार्यक्रमात जो तो बाप्या लुगडं नेसून येतो आणि परीक्षक हसून हसून खुर्चीवरून खाली पडतात. एवढं पडण्यासारखं काय असतं ते मला अजून दिसलेलं नाही. आणि आपली वऱ्हाडी? डॉक्टर बोलेल तो पुण्याचं, वकील बोलेल तो पुण्याचं. काऊन बे म्हणणारा कोणी आला की समजावं, वॉचमन तरी आला नाहीतर येडा तरी आला.

ही सगळी मतं मी तुझ्या मामांपाशी बोलत असते, हे तुला घरचं म्हणून ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी कांद्याच्या लागवडीत त्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डोकं मात्र जसंच्या तसं राहिलं. तेव्हापासून रिमोट त्यांच्या डाव्या हातात असतो. जाहिरात लागली की ते टीव्हीचा आवाज बंद करतात आणि माझ्याकडे बघतात, म्हणजे आता तू बोल. मी बोलते. पटलं तर खुर्चीच्या हातावर एकदा बोट वाजवतात, नाही पटलं तर दोनदा. मी फारच सुटले तर रिमोट माझ्यावर रोखून बटण दाबतात, मग मी गप्प होते आणि आम्ही दोघं हसतो. आमचा संसार सध्या जाहिरातींमध्ये चालतो, बाबा. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

त्या शनिवारी टीव्हीवर तुझा विनोदाचा कार्यक्रम म्हणून मी मिरचीची भजी तळली. शेजारचे उत्तमराव आणि विमलबाई आले. तू नऊवारी नेसून आलास तेव्हा मी कपाळाला हात लावला, पण म्हटलं असू दे, भाचा आहे. मग तू टीव्हीशी भांडायला लागलास. माझ्यासारखा बसलास, माझ्यासारखं नाक पुसलंस, जरीच्या साडीबद्दलचं माझं वाक्य शब्दाला शब्द म्हणालास. तिथवर मीसुद्धा हसले. मग तू शेजारच्या खुर्चीवरची चादर ओढलीस. खाली बुजगावणं. पेंढा भरलेलं, मान कललेली, त्याच्या हातात रिमोट. त्याचं नाव धोंडोबा. तुझी ती बडबडी मामी त्याला विचारते, बोला की हो, आणि कानाला हात लावून उत्तराची वाट बघते. लोक हसतात. ती त्याच्या हातात रिमोट देते, तो खाली पडतो. लोक हसतात. आणि त्या बुजगावण्याच्या गळ्यात मोहरीच्या रंगाचा मफलर! तो मी विणलेला आहे, हर्षल. दिवाळीला मुंबईच्या एसीत थंडी वाजते म्हणून तू मामांच्या गळ्यातून काढून नेलास तो.

उत्तमराव हसता हसता यांच्याकडे बघून थांबले. यांनी रिमोट उचलला आणि तुझा आवाज बंद केला. जाहिरात नव्हती, तुझाच खेळ चालू होता. तुझा आवाज या घरात कधी कोणी बंद केला नव्हता. दुसऱ्या दिवशी आपला सालदार कडूबा आला तेव्हा यांनी खुणेनं खुर्ची फिरवून घेतली, आता तोंड गोठ्याकडे असतं. टीव्ही लावू देत नाहीत. टीव्ही बंद म्हणजे जाहिरात बंद, आणि जाहिरात बंद म्हणजे आमचं बोलणं बंद. मी बोलायला गेले तरी ते गोठ्याकडेच बघतात.

बाजाराच्या दिवशी मेथीवाला मला म्हणतो, मामी, धोंडोबाले नाही आणलं का? मी मेथी तिथंच टाकून आले.

आपल्याकडे भाच्याला रागवायचं नसतं. एक भाचा जेवू घातला की शंभर ब्राह्मण जेवल्याचं पुण्य म्हणतात. मामा भाच्याच्या पाया पडतो, पडू देत नाही. तू आलास की हे अजूनही डावा हात तुझ्या पायाकडे नेतात आणि तू वाकलास की पाय मागे ओढतात. त्या माणसाचं तू बुजगावणं केलंस.

लोभ असावा असं शेवटी लिहितात. असेलही, पण आज शोधायला मला वेळ नाही.

तुझी मामी,
कोकिळा


गोरेगाव, मुंबई
२७ जानेवारी २०२५

ती. सौ. मामीस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू फोन उचलत नाहीस म्हणून वहीचा कागद फाडून लिहितोय. शाळा सोडल्यापासून एवढं हातानं लिहिलेलं नाही, अक्षराला हसू नको. राग मलाही येतो, मामी.

वऱ्हाडी बोलणारा नेहमी वॉचमन असतो म्हणतेस. बरोबर आहे, मीच तो वॉचमन तीन भाग केला. त्याच्याआधी मी मढं झालो होतो, त्याच्याआधी झाड. पहिल्यांदा एका वऱ्हाडी बाईला मधोमध उभं केलं, तिला तोंड दिलं, ती सगळ्या मालिकांना झोडपते आणि अख्खा महाराष्ट्र टाळ्या वाजवतो. रस्त्यात पोरं मला थांबवून तुझी वाक्यं म्हणून दाखवतात. तुला त्याचा आनंद व्हायला पाहिजे होता.

दुसरं. डोणगावच्या शंकररावांची नक्कल मी टीव्हीवर केली, त्यांचं तोतरं बोलणं, कापसाचा भाव सांगताना अडकणं, तेव्हा तू मला रडेपर्यंत हसल्याचं फोनवर सांगितलंस. पुन्हा कर म्हणालीस. तेव्हा शंकररावांच्या घरी कोणाची खुर्ची फिरली का, हे तू विचारलं नाहीस. दुसऱ्याचं जळालं की शेकोटी आणि आपलं जळालं की आग, असं कसं चालेल?

बुजगावण्याची कल्पना माझी नव्हती. आमच्या दिग्दर्शकाला नवऱ्याच्या जागी काहीतरी हवं होतं आणि दुसरा नट मोकळा नव्हता. मफलर माझ्या बॅगेत होता, घातला. इतका विचार कोण करतं? इथं दर आठवड्याला नवं लिहावं लागतं, हसले नाहीत तर घरी पाठवतात.

आणि खरं सांगू का, मामांच्या नावानं तू तुझाच राग काढते आहेस. ते आता लहान मुलासारखे झालेत. त्यांना त्यातलं काय कळलं असणार? खुर्ची उन्हासाठी फिरवली असेल.

आता चांगली बातमी. मी शेवटच्या फेरीत पोचलो आहे आणि तिथं पुन्हा बडबडी मामीच करायची आहे. चॅनलवाले तुम्हा दोघांसाठी गाडी पाठवायला तयार आहेत. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मी बुजगावण्यावरची चादर काढली की कॅमेरा खऱ्या मामांवर जाईल. लोक हसतील आणि रडतीलही, असं दिग्दर्शक म्हणतात. मामांसाठी चाकांची खुर्ची तेच देतील. तू फक्त हो म्हण. माझं सगळं यावर आहे, मामी.

मामांना नमस्कार सांग. लोभ शोधायला वेळ काढशील अशी आशा आहे.

तुझा,
हर्षल


धाड
३ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षल यास,

आशीर्वाद मागच्या पत्रात दिला आहे, तोच पुरवून वापर.

आपल्या घरी आलेलं पत्र मोठ्यानं वाचायची पद्धत आहे, हे मुंबईत विसरलास. मी गोठ्याच्या बाजूला जाऊन, यांच्या खुर्चीपुढं उभी राहून तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांना त्यातलं काय कळलं असणार, या वाक्यावर आले आणि माझी जीभ अडखळली. तरी वाचलं. यांनी खुर्चीच्या हातावर दोनदा बोट वाजवलं. इतक्या दिवसांत त्यांनी मला दिलेलं ते पहिलं उत्तर, आणि ते तुझ्या पत्राला होतं.

ते लहान मूल झालेले नाहीत. लहान मुलाला आपली थट्टा झाली तर भोकाड पसरता येतं. यांना तेवढीही सोय नाही.

शंकररावांचं तू लिहिलंस ते मला लागलं. लागायलाच पाहिजे होतं. मी हसले, पुन्हा कर म्हणाले, आणि ते आपल्यासमोर बसलेले नाहीत हे माझ्या ध्यानातही आलं नाही. ते माझं चुकलं, आणि त्यांच्या घरी निरोप पाठवून मी ते कळवलं आहे. पण माझ्या चुकीच्या पदराआड तू लपू नको.

नक्कल तू कोणाकडून शिकलास? लग्नाच्या हळदीला पंचक्रोशीतून तुझ्या मामांना बोलावणं यायचं ते कशासाठी? तू त्यांच्या खांद्यावर बसून सगळं बघितलंस आणि नेमकं मुख्य तेवढं सोडून बाकी उचललंस. ज्याची नक्कल करायची त्याला आधी समोरच्या सतरंजीवर मधोमध बसवायचं. आणि नक्कल संपली की उत्तराचा मान त्याचा. त्यानं उठावं आणि नक्कल करणाऱ्याची नक्कल करावी, मग पंगत बसायची. आमच्याच हळदीला यांनी माझ्या बापाची नक्कल केली, वरपक्षाला तो पान कसं देतो आणि सुपारी खिशात ठेवतो ती. माझा बाप रागीट माणूस. सगळ्यांना वाटलं आता लग्न मोडतं. तो उठला आणि नवरदेव जिलबी कशी खातो ते त्यानं करून दाखवलं. दोन्ही मांडवांत हसू मावेना. तेव्हा यांनी मला सांगितलं होतं की ज्याला उलटून बोलता येत नाही त्याची नक्कल करणं म्हणजे बांधलेल्या बैलाला मारणं. हे तूसुद्धा त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहेस.

तुझी गाडी येऊ देऊ नको. आली तर कडूबा तिच्या चाकांतली हवा सोडेल, मी त्याला सांगून ठेवलं आहे. ज्या माणसाला बुजगावणं केलं त्याला पुन्हा पहिल्या रांगेत नेऊन कॅमेऱ्यापुढं धरायचं, आणि लोकांनी रडायचं, वा रे वा! परीक्षक तेव्हाही खुर्चीवरून पडणार का, की त्या दिवशी डोळे पुसणार? तुझ्या दिग्दर्शकाला म्हणावं, तुझ्या घरात कोणी म्हातारं नाही काय बे?

तूच इथं ये. आपल्या अंगणात सतरंजी टाकते. तीच नक्कल कर, त्यांच्यासमोर, शब्द गाळायचा नाही. मग उत्तराचा मान त्यांचा. ते कसं देतील ते मलाही ठाऊक नाही. देता नाही आलं तर तेही तू समोर उभं राहून बघ. तुझं सगळं त्या फेरीवर आहे म्हणतोस. माझं सगळं त्या खुर्चीवर आहे.

मफलर घेऊन ये. लोभाचं तू आल्यावर बघू.

मामी


मलकापूर
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय हर्षलदादा,

सा. न. आईचा आणि तुझा पत्रव्यवहार दोन्हीकडून मला फोनवर वाचून दाखवण्यात येतो, तेव्हा मीही एक कागद खर्च करते. धोंडोबाची मुलगी म्हणून मला एवढा हक्क असावा.

तू आमच्याकडे राहून शाळा शिकलास, बाबांनी तुझे लाड माझ्याहून जास्त केले आणि मी त्याबद्दल तुझ्याशी भांडले, ते सगळं सोडून देते. एकच गोष्ट सांगते. मी रोज संध्याकाळी आईला फोन करते. एरवी ती मला बोलू देत नाही. कोणत्या मालिकेत कोणी कोणाला विष घातलं, कोणती गायिका बेसूर झाली, आजकालच्या लग्नातल्या डीजेनं विमलबाईंच्या कपाटातल्या काचेच्या बरण्या कशा थरथरल्या, सगळं ऐकावं लागतं. मी कंटाळून फोन बाजूला ठेवून पोळ्या लाटायची. आता पत्र वाचून झालं की ती हो म्हणते, बरं म्हणते, जेवले म्हणते. तुझी बडबडी मामी बडबडत नाही, दादा. मला त्याची भीती वाटते. टाळ्या वाजवणाऱ्या तुझ्या अख्ख्या महाराष्ट्राला हे सांग.

मी गेले असते, पण सासूबाई पाय मोडून पडल्या आहेत. तू मात्र सुटत नाहीस. मुंबईची गाडी मलकापूरला थांबते. उतर, माझ्या हातचा चहा घे, चार शिव्या घे, आणि बुलढाण्याची एसटी पकड. पुढं धाडला जीप मिळते, रस्ता तू विसरला नसशील.

येणार असलास तर माझा लोभ आहे. नसलास तर तो मी डब्यात घालून वर ठेवून दिला आहे.

तुझी,
प्रतीक्षा


गोरेगाव, मुंबई
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रतीक्षा,

येतो आहे. सुट्टी देत नव्हते, भांडून घेतली. दिग्दर्शक चिडलेत, मी त्यांच्यावर चिडलोय, मामी माझ्यावर, तू माझ्यावर, चालू दे. मफलर धुवून घेतला आहे.

हजार लोकांसमोर तोच खेळ मी हसत हसत केला. इथं खोलीत आरशासमोर करून बघितला आणि बोला की हो या वाक्याशी थांबलो. मामीला हे सांगू नको. तिला वाटेल मी आत्ताच हरलो.

लोभ डब्यातून काढून ठेव.

हर्षल


धाड
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रतीक्षा हिस,

आईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना पायावर जोर देऊ नका म्हणावं, आणि त्यांना करमत नसेल तर दुपारची ती सावत्र बहिणींची मालिका लावून दे. अगदी टाकाऊ आहे, पण पाय दुखायचं विसरायला होतं.

परवा हर्षल आला. मी त्याला पाणी दिलं, कसा आहेस म्हणून विचारलं नाही. तो सरळ गोठ्याकडे यांच्यापुढं गेला आणि पाया पडायला वाकला. आणि प्रतीक्षा, यांनी पाय मागे घेतला नाही! भाच्याला पायाला हात लावू दिला. हर्षलही वाकला तो तसाच राहिला, त्याला उठावं की नाही कळेना. त्यापेक्षा यांनी एक थोबाडीत दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

अंगणात सतरंजी टाकली. उत्तमराव, विमलबाई, कडूबा, आणि तो मेथीवालासुद्धा, त्याला मी मुद्दाम बोलावून घेतला. कडूबानं यांची खुर्ची मधोमध आणली. हर्षलनं हळूच विचारलं, की मामी, धोंडोबाच्या जागी काय ठेवू. मी म्हटलं, ठेवायचं कशाला, बसलेलेच आहेत. त्यानं पिशवीतून मफलर काढून यांच्या गळ्यात घातला. यांनी घालू दिला, पण बघत होते समोर. रिमोट यांच्या मांडीवर होता. टीव्ही बंद असला तरी तो ते सोडत नाहीत.

मग त्यानं माझं लुगडं कमरेला गुंडाळलं आणि सुरू केलं. वाईट करत नाही गं, आवाज माझाच काढतो मेला. जरीच्या साडीवर विमलबाई हसल्या, उत्तमरावही हसले. मग ती जागा आली. टीव्हीवर त्याच्यापुढं पेंढा होता, इथं दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, शब्द गाळायचा नाही असं मी लिहिलेलंच होतं. त्यानं वाकून, कानाला हात लावून म्हटलं, बोला की हो.

यांनी रिमोट उचलला, त्याच्या तोंडावर रोखला आणि बटण दाबलं.

हर्षल गप्प झाला. त्याला घरचा माणूस म्हणून त्या बटणाचा अर्थ माहीत आहे. हात कानाशी, तोंड उघडं, तसाच उभा राहिला. कोणी हसलं नाही. यांनी रिमोट खाली घेतला नाही. हर्षलचे डोळे भरले, ओठ हलले, त्याला काहीतरी सांगायचं होतं, माफी असेल, काय असेल, पण रिमोट तसाच रोखलेला. विमलबाई मला कोपरानं ढोसत होत्या की पुरे म्हणा. मी म्हटलं नाही. माझा राग होता, खोटं कशाला सांगू. बोलायचं असतं आणि बोलता येत नाही, ते कसं असतं ते त्याला पुरतं कळू दे, असंच मला वाटलं.

मग यांनी पुन्हा बटण दाबलं. मोकळा केला. पण हर्षलच्या तोंडून मामा एवढंच निघालं.

उत्तराचा मान बाकी होता. मी तर समजले की हेच उत्तर झालं. पण यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि डावा हात कपाळाशी नेऊन नसलेली झुलपं मागे उडवली. मग हात छातीवर ठेवला, मान जेवढी वाकते तेवढी वाकवली, आणि अर्ध्या तोंडानं हसून वर बघितलं, आता माझं कौतुक करा अशा नजरेनं. कोणी कौतुक केलं नाही असं बघून पुन्हा झुलपं उडवली आणि पुन्हा वाकले. परीक्षकांनी वाहवा केली की हर्षल उभा असतो ना, हुबेहूब तो! उजवा गाल हलत नाही, तर डाव्या गालानं दोघांचं काम केलं. आधी कडूबा फुटला. मग विमलबाई पदर तोंडात कोंबून हसल्या, आणि उत्तमराव सतरंजीवर खरोखर आडवे झाले, त्या परीक्षकांसारखं खोटं नाही. तीन वर्षांनी, प्रतीक्षा, तुझ्या बापानं नक्कल केली. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही.

हर्षल लालबुंद झाला. मग तोही हसायला लागला आणि यांच्या गुडघ्याशी बसून रडला. नंतर त्यानं यांना विचारलं, की मामा, शेवटच्या फेरीत काय करू. यांनी माझ्या हातातून रिमोट ओढून घेतला आणि पुन्हा त्याच्यावर रोखला. धोंडोबा करणार नाही असं तो चॅनलला कळवणार म्हणतो. मग ते त्याला ठेवतील की काढतील त्यालाही माहीत नाही. मी विचारलं नाही आणि हळहळलेही नाही. तो चार दिवस टीव्हीवर दिसेल, मला जन्मभर धाडच्या बाजारात जायचं आहे. मेथीवाल्यानं मात्र आज जुडी मोठी दिली आणि तोंड बंद ठेवलं.

काल तो निघाला तेव्हा यांनी डावा हात त्याच्या पायाकडे नेला. आता भाच्याप्रमाणे जा, असंच ते सांगणं असावं. पायरीवर तो माझ्याही पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले, पण जरा उशिरानं. माझा राग पूर्ण गेलेला नाही हे त्याला तुझ्याकडून कळू दे.

आज संध्याकाळी यांनी कडूबाकडून खुर्ची परत फिरवून घेतली. मी न विचारता टीव्ही लावला. तीच सून, तीच जरीची साडी, आता तर पुरणपोळ्या करते आहे आणि हाताला पीठ लागलेलं नाही. तुला लिहीत लिहीतच बघते आहे. यांच्या गळ्यात मफलर आहे.

खूप लिहायचं राहिलं आहे, त्या गाण्याच्या स्पर्धेबद्दल तर काहीच लिहिलं नाही. पण पत्र इथंच थांबवते. जाहिरात लागली आहे, यांनी आवाज बंद केला आहे आणि माझ्याकडे बघत आहेत.

लोभ असू दे.

तुझी,
आई